पत्रिका फुकट मिळेल, तुमचा तास फुकट नाही: जुन्या कार्डांपासून शोभेच्या वस्तू, शिरूर-दौंडच्या हिशोबाने

जुन्या ग्रीटिंग कार्डांपासून फुलं, डबे, टॅग बनवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते पाहून एक प्रश्न हमखास येतो: "वस्तू छान होते हो, पण यात पैसे सुटतात का?" आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे. वस्तू कशी करायची ते थोडक्यात सांगतो, ती कितीला पडते आणि कोण घेतं हे सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ते व्हिडिओ बहुतेक परदेशातले असतात. तिकडे नाताळची कार्डं घरात साठतात. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी पहिलं नाताळ कार्ड छापून विकायला काढलं, तेव्हापासूनची ती सवय. अमेरिकेत नेवाडा राज्यात सेंट ज्यूड्स रँच ही मुलांसाठी काम करणारी संस्था आहे. ती लोकांकडून जुन्या कार्डांची पुढची पानं मागवते, त्यांची नवी कार्डं बनवते आणि विकते. आपल्याकडेही १९७९ मध्ये आर्चीज सुरू झालं, पुढे दिवाळी आणि नववर्षाची शुभेच्छापत्रं पोस्टाने यायची. मोबाइल आला आणि ते संपलं. आज शिरूर किंवा दौंडच्या घरात कपाट उघडलं तर ग्रीटिंग सापडणार नाही. सापडेल ती लग्नपत्रिका.

आणि ती भरपूर सापडेल. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नं सुरू होतात आणि आषाढापर्यंत तिथी चालू राहतात. न्हावरे, तळेगाव ढमढेरे, पाटस, केडगाव, यवत, कुठलंही गाव घ्या. भावकी मोठी, पाहुणे मोठे, "घरी येऊन पत्रिका दिली नाही" म्हणून रुसणारे मामाही मोठे. शहरात व्हॉट्सअॅपवर आमंत्रण चालतं, गावात अजून हातात पत्रिका लागते. एका घरात एका हंगामात वीस-पंचवीस पत्रिका सहज येतात.

या पत्रिकांचं पुढे काय होतं? इथेच आपल्या धंद्याची खरी सुरुवात आहे. वर्तमानपत्र रद्दीत जातं, पत्रिका जात नाही. कारण वर गणपती असतो, किंवा खंडोबा, तुळजाभवानी असते. टाकायला मन धजत नाही. मग ती कपाटावर, देवघराच्या खालच्या खणात, सोफ्याच्या मागे पडून राहते. शेवटी कोणीतरी पिशवीत भरून नदीत सोडतं. शिरूरला घोड, दौंडला भीमा, आणि घोडही पुढे भीमेलाच मिळते. पत्रिकेवर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो पाण्यात विरघळत नाही. रद्दीवालाही अशा चकचकीत कार्डाला फारसा भाव देत नाही, कारण तो थर आणि सोनेरी फॉइल लगद्यात घाण म्हणून राहतात.

म्हणजे माल फुकट आहे आणि देणाऱ्याला तो द्यायचाच आहे. ऐकायला फार गोड वाटतं ना? म्हणूनच सावध राहा. "कच्चा माल फुकट" असं दिसलं की माणूस स्वतःचा वेळही फुकट धरतो.

पत्रिका कोणाची, ते आधी बघा

माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कात्री नाही, गठ्ठे पाडणं आहे. पत्रिका हातात आली की तिचा रंग नंतर बघा. ती कोणाची आहे, ते आधी बघा.

पहिला गठ्ठा कोऱ्या पत्रिकांचा. पत्रिका विकणाऱ्या दुकानात आणि छापखान्यात दरवर्षी नवे नमुने येतात. गेल्या वर्षीचे न खपलेले, कोरे, नाव न छापलेले नग मागे पडतात. काहींना डाग असतो, काहींचं जोडीचं पाकीट हरवलेलं असतं. हे फुकट मिळतीलच असं नाही, पण स्वस्तात नक्की मिळतात. मालक विचारेल, "किलोवर घेता का?" हो म्हणा. हंगाम संपल्यावर, म्हणजे आषाढ-श्रावणात विचारलंत तर जास्त मिळेल, कारण तेव्हा त्याला जागा रिकामी करायची असते.

दुसरा गठ्ठा गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पत्रिकेचा. तो गठ्ठा नसतोच, एकच पत्रिका असते. पण सगळ्यात जास्त पैसा तिच्यात आहे. त्यावर पुढे येतो.

तिसरा गठ्ठा परक्यांच्या वापरलेल्या पत्रिकांचा, म्हणजे शेजारी, नातेवाईक, सोसायटी यांच्याकडून आलेल्या. यात सगळ्यात जास्त माल आहे आणि सगळ्यात जास्त काळजीही. आपल्या भागातली पत्रिका उघडून बघा. वर-वधूची नावं, आई-वडील, आजोबा, मामा, काका, निमंत्रक, प्रमुख उपस्थिती म्हणून आजी-माजी सगळे पदाधिकारी, खाली किलबिल म्हणून लहान मुलांची नावं, वर पत्ता आणि दोन-तीन मोबाइल नंबर. आतलं एक इंचही मोकळं नसतं! या नावांचा आणि नंबरांचा एकही तुकडा तुमच्या वस्तूवर दिसता कामा नये, मागच्या बाजूलाही नाही. एक तर तो लोकांच्या घरचा तपशील आहे. दुसरं, नव्या लग्नाच्या आहेरावर जुन्या लग्नाचं नाव दिसलं तर गिऱ्हाईक तुमच्याकडे परत येणार नाही आणि चार जणांना सांगेल. छापील भाग आधी कापून बाजूला काढा, बारीक फाडा, मगच पुढचं काम.

याच गठ्ठ्यात दशक्रिया विधीची, वर्षश्राद्धाची कार्डंही मिसळून येतात. ती पहिल्याच फेरीत वेगळी काढा. त्यातला कागद कितीही चांगला असला तरी वापरू नका.

आता गिऱ्हाइकाला सांगायचं का, की हे जुन्या पत्रिकेपासून केलंय? सांगायचं. काही जण म्हणतील, "नको बाई, शुभकार्यात दुसऱ्याचं वापरलेलं नको." त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्यासाठीच तो कोऱ्या पत्रिकांचा गठ्ठा आहे. आहेराचं पाकीट, पूजेच्या ताटाची सजावट, रुखवतातल्या वस्तू हे सगळं कोऱ्यातूनच करा. वापरलेल्या पत्रिकांतून भेटवस्तूचे टॅग, वहीची खूणपट्टी, डबे, भिंतीवरची फुलं करा. लपवून विकलेलं गावात फार दिवस लपत नाही.

कागद ओळखा, मग कात्री लावा

पत्रिकेचा कागद जाड असतो, बहुतेक २५० ते ३०० जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. झेरॉक्सचा कागद ७०-७५ चा असतो, त्यावरून अंदाज घ्या. एवढा जाड कागद सरळ दुमडला तर घडीवर भेगा पडतात आणि आतला पांढरा भाग दिसतो. म्हणून घडीच्या जागी पट्टी ठेवून रिफिल संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ ओढायची, मग दुमडायचं. शिवाय कागदाला एक दिशा असते. कार्ड दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघा, एका बाजूने ते सहज वाकेल. लांब घडी त्या बाजूने घ्या.

दुसरी अडचण चिकटवण्याची. "फेविकॉल लावलं तरी दुसऱ्या दिवशी सुटतं" ही तक्रार सगळ्यांची. लॅमिनेशनवर पांढरा गोंद धरत नाही, कारण त्याला शोषायला कागदच मिळत नाही. चिकटवायची जागा बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या म्हणजे गोंद धरेल, नाहीतर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. मखमली पत्रिकेवर टेपही नीट बसत नाही, तिथे उलट्या बाजूनेच काम करा. गोंडे, मोती, लाकडी किंवा अॅक्रिलिकचे छोटे गणपती चिकटवलेले असतात. ते अलगद काढून वेगळ्या डब्यात ठेवा. बाजारात हेच सुटे घ्यायला गेलात तर पैसे पडतात.

हत्यारं फार लागत नाहीत. स्टीलची पट्टी, चांगला कटर, कापायला खाली जाड मॅट, कात्री, पंच. सुरुवातीला महागडं डाय कटिंग मशीन घेऊ नका. मशीनच्या जाहिरातवाल्याला तुमच्या ऑर्डरी माहीत नसतात.

आहेराचं पाकीट: पहिला नग हाच का?

लग्नात, बारशात, वास्तुशांतीला, वाढदिवसाला आपल्याकडे पाकीट लागतंच. शोभेची वस्तू माणूस एकदा घेतो आणि भिंतीला लावतो. पाकीट तो देऊन टाकतो आणि पुढच्या लग्नाला पुन्हा घेतो. म्हणून माझा पहिला नग पाकीट.

मापं लिहून घ्या. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब आणि ६.६ सेंटिमीटर रुंद असते. ती न दुमडता सहज जायला हवी, म्हणून पाकीट साडेअठरा बाय साडेआठ सेंटिमीटरचं धरू. पाकिटाची पिशवी जाड पत्रिकेची करायची नाही, ती फुगते. पिशवी १०० ते १२० जीएसएमच्या रंगीत कागदाची करा आणि पत्रिकेचा नक्षीदार भाग पुढे चिकटवा.

पिशवीसाठी कागद किती? पुढची बाजू साडेआठ, मागची साडेआठ, चिकटवायला दीड, म्हणजे रुंदी साडेअठरा. लांबी साडेअठरा, खालची घडी दीड, वरचा पदर तीन, म्हणजे तेवीस. असा १८.५ बाय २३ चा तुकडा. स्टेशनरीत २२ बाय २८ इंची मोठा शीट मिळतो, म्हणजे साधारण ५६ बाय ७१ सेंटिमीटर. त्यात आडवे तीन, उभे तीन, बरोबर नऊ तुकडे बसतात. हेच तुम्ही ए-फोर कागदावर करायला गेलात तर एका कागदातून एकच पाकीट निघेल आणि बाकीची पट्टी वाया. नफा असा मापातच जातो किंवा मापातच राहतो.

पत्रिकेचा तुकडा १७.५ बाय ७.५ चा कापा, म्हणजे चारही बाजूंना अर्धा सेंटिमीटर रंगीत कड दिसेल. ती कड पाकिटाला उठाव देते. आणि कापताना हात थोडा हलला तरी झाकून जातो! वरच्या कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं टेपने लावा. शे-पाचशेवर एक रुपया द्यायची आपली रीत आहे, नाणं नसलेलं पाकीट गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं.

काम एकेका पाकिटाचं करू नका. पन्नास पाकिटांचे तुकडे एकदम कापा, मग पन्नासांच्या रेघा, मग पन्नासांच्या घड्या, मग चिकटवणं. एक पाकीट सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत बसलात तर दुप्पट वेळ जातो. खात्री वाटत नसेल तर घड्याळ लावून दोन्ही पद्धतींनी दहा-दहा करून बघा.

आता हिशोब. आकडे मी समजा म्हणून धरतोय, तुम्ही तुमच्या गावचे घाला. शीट १८ रुपयांना मिळाला तर पाकिटामागे कागद २ रुपये. गोंद-टेप ५० पैसे. नाणं १ रुपया. पॅकिंगची पारदर्शक पिशवी, दहा पाकिटांना एक, धरून ५० पैसे. खराब झालेले नग आणि पुण्याला जायचं-यायचं भाडं मिळून १ रुपया. हे झाले ५ रुपये. आता तुमचा वेळ. हात बसल्यावर पाकिटामागे पाच मिनिटं लागली आणि तुम्ही तासाला ६० रुपये धरले, तर मजुरी ५ रुपये. एकूण १० रुपये.

हे पाच रुपये मजुरीचे लिहिताना बरेच जण थांबतात. "मी घरीच तर असते, टीव्ही बघता बघता करते, त्याचे कसले पैसे?" ताई, उद्या दोनशे पाकिटांची ऑर्डर आली आणि शेजारणीला मदतीला बोलावलं, तर ती फुकट येणार आहे का? तिला पैसे दिले की तुमचं पाकीट तोट्यात. म्हणून पहिल्या दिवसापासून मजुरी किमतीत धरा. समोरासमोर १५ रुपयांना विका, दुकानदाराला १२ ने द्या. पन्नास पाकिटांना सव्वाचार तासांच्या आत वेळ लागतो. थेट विकली तर २५० रुपये मजुरी आणि २५० नफा. दुकानातून विकली तर मजुरी तीच, नफा १००. दुकानदार कमी देतो असं वाटेल, पण तो रोज दुकान उघडून बसतो आणि तुम्हाला विकायला फिरावं लागत नाही.

बाजारात छापील पाकीट याहून स्वस्त मिळतं, हे खरं आहे. त्याच्याशी किमतीत भांडू नका, हराल. छापील पाकिटावर "गायकवाड परिवाराकडून" असं नाव येत नाही. तुमच्यावर येतं. पंचवीस पाकिटांच्या संचावर घराण्याचं नाव सुंदर अक्षरात लिहून द्या किंवा छोटा छापील टॅग लावा. लग्नसराईत एकेका घराला वीस-तीस ठिकाणी जावं लागतं, त्यांना असा संच कामाचा आहे.

तोरणाचा मोह

आता जे ऐकायला आवडणार नाही ते. पत्रिकांच्या तुकड्यांचं तोरण, फुलांचा भिंतीवरचा गोल, आकाशकंदील, हे सगळं दिसतं सुरेख आणि व्हिडिओला लाइक भरपूर मिळतात. पण एक चांगलं तोरण करायला चार तास लागले तर ६० च्या दराने २४० रुपये मजुरी झाली. मणी, लेस, दोरा मिळून ६० धरा. ३०० ला पडलं. शेजारच्या दुकानात प्लॅस्टिकचं तोरण दीडशेला लटकतंय. गिऱ्हाईक तुमचं तोरण हातात घेऊन म्हणतं, "कागदाचंच आहे ना?" आणि दोनशे सांगतं. तुम्ही द्याल, कारण केलेलं पडून राहील ही भीती.

म्हणून तोरण ऑर्डर असेल तरच करा, अर्धे पैसे आधी घेऊन. नमुन्याला एक करा आणि त्याचे फोटो दाखवा. रुखवताचंही तसंच. पालखी, तुळशी वृंदावन, बैलगाडी, जातं, हे सगळं पत्रिकेच्या जाड कागदातून उत्तम होतं, पण विकायचं म्हटलं तर तेवढे तास कोणी देत नाही. रुखवत एका दिवसासाठी मांडलं जातं. एकच संच नीट मजबूत करून लग्नालग्नाला भाड्याने दिला तर तोच कागद वारंवार कमावतो. फक्त अनामत रक्कम घ्या आणि प्रत्येक वस्तूला बसेल असा खोका ठेवा, नाहीतर पहिल्याच फेरीत बैलांची शिंगं जातील.

ज्याची पत्रिका, त्यालाच फ्रेम

आता तो दुसरा गठ्ठा. परक्याच्या हातात पत्रिका म्हणजे अडगळ. ज्यांचं लग्न त्यांच्या हातात तीच पत्रिका आठवण असते. तिसऱ्या गठ्ठ्यात जी नावं आपण कापून टाकतो, तीच नावं इथे विकली जातात.

लग्नाचा पहिला वाढदिवस, पंचविसावा वाढदिवस, मुलीची पाठवणी झाल्यावर आई-वडिलांना भेट, अशा वेळी त्यांचीच पत्रिका खोलगट फ्रेममध्ये मांडून द्यायची. मध्ये नावांचा आणि तारखेचा भाग, वर गणपती आहे तसा, बाजूला एक फोटो, आणि मिळाल्या तर अक्षता किंवा मुंडावळ्यांचे दोन मोती. खर्च धरा: फ्रेम १८०, आतला जाड बोर्ड ४०, पॅकिंग ३०, म्हणजे २५०. दीड तासाची मजुरी ९०. एकूण ३४०. याला ७०० रुपये मागायला कचरू नका. इथे "कागदाचंच आहे ना" असं कोणी म्हणत नाही.

दोन गोष्टी पाळा. गिऱ्हाइकाकडे पत्रिका एकच असेल तर तिला कात्री लावू नका, चांगली रंगीत प्रत काढून ती वापरा आणि मूळ पत्रिका मागच्या बाजूला पाकिटात घालून द्या. आणि अर्धे पैसे आगाऊ घ्या, कारण दुसऱ्याच्या नावाची फ्रेम तिसऱ्याला विकता येत नाही.

वाणाचे डबे

हे थोडक्यात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू चालतात आणि प्रत्येक घरी वाण लागतं. पत्रिकेच्या दोन चौकोनांतून झाकणाचा छोटा डबा होतो, झाकणाचा चौकोन तळापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा घ्यायचा. तिळगूळ थेट डब्यात भरू नका. छपाईची शाई आणि फॉइल खाण्याला लागता कामा नये, आत खाद्यपदार्थांची छोटी पिशवी हवीच. वर्तमानपत्रात खाऊ बांधू नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगत आलंय, तेच इथेही लागू. ऑर्डरी डिसेंबरातच घ्या. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी आठवण होणाऱ्या बायकांना डबे मिळत नाहीत, हे एकदा कळलं की पुढच्या वर्षी त्या लवकर येतात.

गणपतीचं काय करायचं?

हा प्रश्न तांत्रिक नाही, पण टाळला तर धंदा अडतो. लोक तुम्हाला पत्रिका देतात ते "ताई देवाचा फोटो कचऱ्यात टाकणार नाहीत" या विश्वासावर. म्हणून पत्रिका घेतानाच सांगा की देवाचं चित्र तुम्ही वेगळं काढता. चांगली चित्रं पाकिटाच्या वरच्या भागात, फ्रेममध्ये, दिवाळीच्या टॅगवर वापरा. चहाच्या कपाखालच्या चकतीवर, डब्याच्या तळाला, पायपुसण्याजवळ लावायच्या वस्तूवर कधीच नाही. उरलेल्या चित्रांपैकी साधा, बिनलॅमिनेशनचा कागद भिजवून लगदा करा आणि त्याच्या पणत्या किंवा वाट्या बनवा. लॅमिनेशनवाली चित्रं कोणाच्या मुलांच्या प्रकल्पाला द्या, पण घोड-भीमेत सोडू नका.

आपल्या भागात रांजणगावचा महागणपती आहे, दौंडहून भीमा ओलांडली की सिद्धटेक आहे. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची आपली रीत. तिथल्या पत्रिका हव्या असतील तर कार्यालयात रीतसर विचारा, परस्पर उचलू नका.

देवाइतकंच दुसऱ्या चित्रांचंही बघावं लागतं. मुलांच्या वाढदिवसाच्या कार्डावर कार्टून असतं. ते कापून विकायच्या वस्तूवर लावू नका, त्या चित्राची मालकी कंपनीची असते. वर सांगितलेली ती नेवाडाची संस्थासुद्धा याच कारणाने हॉलमार्क आणि डिस्नीची कार्डं घेत नाही.

विकायचं कुठे

रांजणगाव एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल, फियाट आहेत, दौंडकडे कुरकुंभ एमआयडीसी आहे. लगेच डोळ्यापुढे दिवाळीची हजार डब्यांची ऑर्डर येते. येईलही कधीतरी, पण सुरुवात तिथून करू नका. एवढ्या ऑर्डरला भांडवल लागतं, मनुष्यबळ लागतं आणि पैसे उशिरा मिळतात.

सुरुवात बस्त्याच्या दुकानातून करा. लग्नाचा बस्ता बांधायला पूर्ण कुटुंब येतं, तीन-चार तास बसतं, आणि पैसे खर्च करायच्या मनःस्थितीत असतं. गल्ल्याशेजारी तुमच्या पाकिटांचा छोटा स्टँड ठेवायला दुकानदाराला विचारा. फ्रेमसाठी फोटो स्टुडिओ गाठा, कारण अल्बम न्यायला येणारं जोडपं हेच तुमचं गिऱ्हाईक. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडे रुखवताच्या संचाचे फोटो देऊन ठेवा. या तिन्ही ठिकाणी तुम्हाला स्वतःचं दुकान लागत नाही.

माल आणायला दौंडकरांना रेल्वे सोयीची. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला पॅकिंग आणि सजावटीचं साहित्य, अप्पा बळवंत चौकात कागद-स्टेशनरी. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे, हातकागद कसा असतो ते तिथे जाऊन हाताला लावून बघा, फ्रेमच्या पार्श्वभूमीला तो फार खुलतो. शिरूरकरांनी पुण्याची फेरी महिन्यातून एकदाच ठेवावी, नगर रोडच्या वाहतुकीत अर्धा दिवस जातो आणि तोही हिशोबात धरावा लागतो.

बचत गटात असाल तर उमेदच्या तालुका कक्षात प्रदर्शनांची चौकशी करा. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते. भीमथडी म्हणजे भीमेकाठचा मुलूख, दौंड त्यातलंच, त्यामुळे तिथे आपण पाहुणे नाही! पण पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका, फिरून या आणि कागदाच्या वस्तू कितीला जातात ते बघा.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणी हजार रुपये मागितले तर देऊ नका. फक्त वस्तू विकता आणि राज्यातच विकता, तर उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कागदकाम येत नाही, त्या रांगेत उभं राहून दिवस घालवू नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पण हा धंदा दीड-दोन हजारांत सुरू होतो, मग हप्ता कशाला लावून घेता?

या आठवड्यात एवढंच करा. जवळच्या छापखान्यातून कोऱ्या पत्रिका आणा, दोन शीट घ्या, अठरा पाकिटं करा. नऊ लाल, नऊ पिवळी. वेळ लिहून ठेवा. एका बस्त्याच्या दुकानात आठ दिवसांसाठी ठेवायला द्या, न खपलेली परत घ्यायच्या बोलीवर. आठव्या दिवशी जाऊन कोणत्या रंगाची किती उरली ते वहीत लिहा आणि पुढचे शीट त्याच रंगाचे आणा.